चिंताकीच्या शिवारावरचा डोळा

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील चिंताकी हे गाव नकाशावर शोधावे लागते. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र, दफ्तराची भाषा कन्नड आणि ओसरीवरच्या बोलण्यात कन्नड, मराठी, तेलुगू व दखनी यांची सरमिसळ, असा तो मुलूख. होबळीचे, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला महसुली मंडळ म्हणतात त्याचे, हे ठिकाण असले तरी राज्याची राजधानी बेंगळुरू येथून रस्त्याने सातशे किलोमीटरच्या घरात आहे. उलट, २७ नोव्हेंबर २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आलेला ‘कार्टोसॅट-३’ हा उपग्रह ज्या कक्षेत ठेवण्यात आला, तिची उंची ५०९ किलोमीटर. म्हणजे तो चिंताकीच्या माथ्यावर येतो, त्या क्षणी चिंताकीकरांना विधानसौधापेक्षा जवळ असतो. त्याने घेतलेल्या चित्रातील एकेक ठिपका जमिनीवरच्या पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर, जागेचा असतो. विधानसौधाची नजर इतकी तीक्ष्ण असल्याचे छातीठोकपणे कोणी सांगणार नाही.

पणजीत बसून चिंताकीची उठाठेव कशाला, असे आमचे वाचक विचारतील. आपल्या घरी नैवेद्याच्या पानात जे वरण वाढले जाते, त्याची डाळ पिकविणारा जो प्रमुख पट्टा, त्यात हे गाव येते. शेजारच्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे अनेकांना ठाऊक असेल. आपल्याकडे इमारतींच्या पायाडांवर राबणारे कितीतरी मजूर उत्तर कर्नाटकाच्या अशाच कोरडवाहू गावांतून येतात. तिकडचे पीक बुडाले की त्यांची संख्या इकडे वाढते. आणि तिसरे कारण असे की, जो डोळा चिंताकीच्या शिवारावरून फिरतो, तोच डिचोलीच्या खाणींवरून आणि आपल्या खाजनांवरूनही फिरतो. सीमाभागाचा जुना वाद हा आजचा विषय नव्हे. १९५६ मध्ये उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदरपासून निघून मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी मागे राहिले. ती सल ज्यांना आहे त्यांना ती आहेच. आजचा प्रश्न राज्य कोणतेही असो, शेतकऱ्याला भेडसावणारा आहे.

या उपग्रहांची शक्ती नेमकी किती, हे समजून घेतल्याविना त्यांची भीती बाळगणे किंवा त्यांना आरती ओवाळणे, दोन्ही व्यर्थ होय. १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत रशियातील बैकानूर तळावरून आपला ‘आयआरएस-१ए’ हा उपग्रह गेला, तेव्हा त्याच्या अधिक सूक्ष्म कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे ३६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद होता. गुंठ्यांत मांडायचे तर एका ठिपक्यात तेरा गुंठे! एकरभर शेत म्हणजे चित्रात जेमतेम तीन ठिपके. त्यातून तालुक्याचा पीकपेरा, जंगलाचा पसारा, तलावाचे पाणी कळे. अमक्याचे शेत आणि तमक्याचे शेत यांतला भेद कळत नसे. डिसेंबर १९९५ मध्ये ‘आयआरएस-१सी’ गेला आणि ठिपका ५.८ मीटरांवर आला. त्या काळी नागरी वापरासाठी याहून सूक्ष्म चित्रे देणारा दुसरा उपग्रह जगात नव्हता, आणि एका अमेरिकन कंपनीमार्फत आपली चित्रे जागतिक बाजारात विकली जात होती. आकाशातून काढलेल्या चित्रांच्या व्यापारात हिंदुस्थान उशिरा आला, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

मात्र सप्टेंबर १९९९ मध्ये ‘इकोनॉस’ हा खाजगी अमेरिकन उपग्रह एक मीटरचा ठिपका घेऊन आला, आणि तोवर लष्करी हेरखात्यांकडेच असलेली नजर पैसे मोजणाऱ्या कोणालाही विकत मिळू लागली. १३ ऑगस्ट २०१४ रोजी गेलेला ‘वर्ल्डव्ह्यू-३’ हा या जातीचा नमुनेदार उपग्रह. ६१७ किलोमीटर उंचीवरून तो ३१ सेंटिमीटरचा, म्हणजे फूटभराचा, ठिपका टिपतो. एका गुंठ्यात हजाराहून अधिक ठिपके बसतात; ‘कार्टोसॅट-३’चे सोळाशे. तेरा गुंठ्यांत एक ठिपका येथून गुंठ्यात सोळाशे ठिपके येथपर्यंतचा हा प्रवास अवघ्या एकतीस वर्षांत घडला आहे. अमेरिकन सरकारनेही २०१४ मध्येच अशा चित्रांच्या विक्रीवरील मर्यादा ५० सेंटिमीटरवरून २५ वर आणली. एवढ्या सूक्ष्म चित्रात शेताचा बांध, विहिरीचे तोंड, गोठ्याचे पत्रे, बांधावरचा एकटा आंबा, नांगराच्या तासांची दिशा, उभा असलेला ट्रॅक्टर हे सारे ओळखू येते. माणूस मात्र एखाद-दुसऱ्या ठिपक्याएवढा. त्याचा चेहरा दिसतो, त्याच्या हातातील कागद वाचता येतो, या सिनेमातल्या गोष्टी. हा फूटभराचा तपशीलही काळ्या-पांढऱ्या चित्रातच मिळतो. रंगीत चित्राचा ठिपका सव्वा मीटरच्या आसपास असतो, आणि संगणक दोन्ही एकत्र करून आपल्यापुढे जे ठेवतो त्याला आपण छायाचित्र म्हणतो.

खरी किमया रंगांत आहे, आणि तीही डोळ्याला न दिसणाऱ्या रंगांत. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना हे माडाच्या उदाहरणाने चटकन पटेल. १९७० मध्ये केरळात माडांना मुळांचा रोग लागला होता, तेव्हा प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर बागांची चित्रे घेतली. निरोगी पान हे किरण भरपूर परतवते, आजारी पान कमी परतवते. त्यामुळे रोगट माड चित्रात वेगळे उठून दिसले. आपल्या देशातील दूरसंवेदनाचा आरंभ असा माडाच्या झावळीवरून झाला. ‘वर्ल्डव्ह्यू-३’मध्ये दृश्य व निकट-अवरक्त प्रकाशाचे आठ पट्टे आहेत, आणि त्यापलीकडच्या लघुतरंग अवरक्ताचे आणखी आठ. पानातील ओलावा किती उरला, उघड्या दगडात कोणते खनिज आहे, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. पिकाला ताण पडला आहे, हे शेतकऱ्याच्या ध्यानी येण्याआधी उपग्रहाला कळू शकते, ही अतिशयोक्ती नव्हे.

पण ताण कशाचा, हे त्याला कळत नाही. २०२२-२३ च्या हंगामात कलबुर्गी-बीदर पट्ट्यात उभी तूर मर रोगाने वाळली. झाड हिरवे असताना माना टाकते आणि शेंग भरण्याच्या वेळी काडी होते, हे पाहिलेल्या शेतकऱ्याला कारण सांगावे लागत नाही. तो झाड उपटून मूळ चिरतो आणि आतला काळपट पट्टा दाखवतो. आकाशातून मात्र मर रोगाने वाळलेली तूर आणि पाण्यावाचून वाळलेली तूर यांत फरक करणे कठीण. त्यात या भागात तूर एकटी क्वचितच असते. सोयाबीन, उडीद किंवा मूग यांच्या ओळींमध्ये तिच्या ओळी असतात. मूग-उडीद निघून गेल्यावरही तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी. अशा मिश्र शेताचा रंग वाचणे पंजाबातील सलग गव्हाचे शेत वाचण्याइतके सोपे नाही. आणि शेत कसणारा मालक आहे की बटईदार, हे तर कोणत्याच किरणाने उमगणार नाही.

याहून मोठी अडचण ढगांची. हे उपग्रह सामान्यतः सकाळी साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातात. खाली ढग असले की कॅमेऱ्याची सारी सूक्ष्मता व्यर्थ. २०२५ च्या पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने बीदर-कलबुर्गीचे शिवार पाण्याखाली गेले, मांजरा आणि भीमेच्या काठची पिके कुजली, मुख्यमंत्र्यांना हवाई पाहणी करावी लागली. ज्या आठवड्यांत नुकसान होते, नेमक्या त्याच आठवड्यांत आकाश झाकलेले असते. ढगांतून पाहायचे तर रडार लागते. ते काम करणारा आपला ‘ईओएस-०९’ हा उपग्रह १८ मे २०२५ रोजी प्रक्षेपक अपयशी ठरल्याने गेला. मात्र ३० जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या सहकार्याने ‘निसार’ यशस्वीपणे कक्षेत पोहोचला. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो आणि ढग असोत वा रात्र, पाहू शकतो. त्याची चित्रे विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. ती फूटभर सूक्ष्म नाहीत, पण पाणी कोठवर चढले होते हे सांगण्यास फूटभर सूक्ष्मता लागत नाही. महागड्या नजरेचे कौतुक करताना या साध्या नजरेचे मोल आपण विसरतो.

दुसरा एक सार्वत्रिक गैरसमज असा की, उपग्रह सतत सर्वत्र पाहत असतो. व्यापारी उपग्रहाचा कॅमेरा मागणी येईल तिकडे वळविला जातो. ‘वर्ल्डव्ह्यू-३’ची एका फेरीत दिसणारी पट्टी जेमतेम तेरा किलोमीटर रुंद आहे. युद्ध, तेलाचे साठे, बंदरे, महानगरे यांना गिऱ्हाईक असते. चिंताकीच्या तुरीला ते कोठून असणार? ज्या दिवसाचे चित्र शेतकऱ्याला हवे, त्या दिवशी कॅमेरा तिकडे वळलाच नव्हता, असेच बहुधा निघेल.

आणि ज्याच्या हाती पैसा वा सत्ता, तो हा डोळा मिटवूही शकतो. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानवर हल्ला सुरू झाला, तेव्हा अमेरिकन सरकारने ‘इकोनॉस’ची त्या देशाची सर्व चित्रे काही काळ विकतच घेऊन टाकली, कायद्याने बंदी घालण्याची गरजच उरली नाही. २०२२ मध्ये कीव्हच्या दिशेने निघालेला मैलोगणती लांबीचा रशियन ताफा साऱ्या जगाने खाजगी उपग्रहांच्या चित्रांत पाहिला आणि माहितीच्या मुक्ततेचा जयजयकार झाला. पुढे मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला सरकारी व्यवस्थेतून मिळणारी हीच चित्रे काही दिवस थांबविली. परक्याच्या डोळ्याने पाहणाऱ्याला पापण्यांची मालकी आपली नाही, हे ऐन युद्धात कळते. म्हणून ‘कार्टोसॅट’ मालिकेवर झालेला खर्च आम्हांला सार्थ वाटतो, आणि बेंगळुरूच्या ‘पिक्सेल’सारख्या खाजगी भारतीय कंपन्या २०२२ पासून स्वतःचे उपग्रह कक्षेत ठेवू लागल्या, याचेही आम्ही स्वागत करतो. प्रश्न एवढाच की, डोळा स्वदेशी झाला म्हणून चिंताकीच्या शेतकऱ्याला त्यातून पाहता येईल काय?

हा प्रश्न त्या मुलखाला नवा नाही. १८०२ मध्ये मद्रासेजवळून विल्यम लॅम्बटन याने हिंदुस्थानच्या महामोजणीला हात घातला. अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट ओढत, त्रिकोणामागून त्रिकोण रचत ती मोजणी उत्तरेकडे सरकली आणि १८१५ मध्ये बीदरच्या परिसरात, दामरगिड्डा येथे, तिची एक पायारेषा साखळीने मोजली गेली. मुलूख निजामाचा, मोजणारी कंपनी इंग्रजांची, आणि ज्यांच्या शेतातून साखळी गेली त्या कुळांना त्या आकड्यांचा अर्थ सांगण्याची कोणाला गरज वाटली नाही. लॅम्बटन पुढे १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याच्या शास्त्रनिष्ठेविषयी आम्हांला आदरच आहे. पण नकाशा हा राज्यकर्त्याने पाहायचा आणि रयतेने त्यात दिसायचे, ही रीत तेव्हा पडली, आणि स्वातंत्र्यानंतरही ती मोडली नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे कितीतरी नकाशे दीर्घकाळ सामान्य नागरिकाला निषिद्ध होते. २००१ च्या धोरणाने ५.८ मीटरपेक्षा सूक्ष्म चित्रांवर परवानगीचे कुंपण घातले, २०११ मध्ये ते एक मीटरवर आणले गेले. दरम्यान ‘गूगल अर्थ’ आले आणि २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी सुरक्षेच्या दृष्टीने त्याविषयी चिंता व्यक्त केली. ती अनाठायी नव्हती; पण आपल्याच नागरिकांना आपल्या गावाचा नकाशा न देण्याने ती दूर होणारही नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरील बहुतेक निर्बंध उठविले, हे उशिरा सुचलेले शहाणपण असले तरी शहाणपणच.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत प्रमुख पिकांसाठी नुकसान मोजले जाते ते एकेका शेताचे नव्हे, तर साधारणतः ग्रामपंचायतीच्या क्षेत्राचे. पंचायतीत चार ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवर शेकडो शेतकऱ्यांचे नशीब ठरते. या प्रयोगांत होणारी चालढकल सर्वांना ठाऊक आहे, म्हणून केंद्राने २०२३ च्या खरिपापासून भात व गव्हाच्या उत्पन्नाच्या अंदाजात दूरसंवेदनावर आधारलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिले. २०२४ पासून सोयाबीनही त्यात आले. बीदर जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा आहे. हा बदल तत्त्वतः योग्य आहे. उपग्रह लाच घेत नाही, पाटलाच्या वाड्यावर चहा पीत नाही, आणि ज्या शेतात जायचे ते सोडून रस्त्याकडेच्या शेतात कापणी उरकत नाही.

तथापि चित्र बोलत नाही. ते वाचणारा बोलतो. हंगामाच्या शेवटी चिंताकीच्या शेतकऱ्याला ‘तुमच्या पंचायतीचे उत्पन्न उंबरठ्यापेक्षा अधिक भरले, सबब भरपाई नाही’ एवढेच कळणार असेल, तर पूर्वी त्याला निदान कापणी करणाऱ्या कर्मचाऱ्याशी भांडता येत होते. आता तो आकाशाशी कसा भांडणार? पहाणी पत्रकावर एक पीक, शेतात दुसरे, आणि संगणकाने रंगावरून ओळखलेले तिसरे, अशी विसंगती निघाली की दोष कोणाचा ठरतो, हे सांगायला नको. कोणत्या तारखेचे चित्र वापरले, त्यात ढग किती होते, मिश्र पिकाचे काय केले, हे विचारण्याचा अधिकार विमा हप्ता भरणाऱ्याला नसेल तर ही मोजणी लॅम्बटनच्या साखळीहून पुढे गेली, असे आम्ही मानणार नाही.

चित्र असले म्हणजे न्याय मिळतो, या भ्रमातही राहू नये. त्याचा धडा आपल्या गोव्याने भरपूर पैसे मोजून घेतला आहे. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या डोंगरांवरील तांबडी भगदाडे दिसण्यास उपग्रहाची गरज नव्हती; त्या वाटेने जाणाऱ्या बसमधूनही ती दिसत होती. तरीही शहा आयोगाचा अहवाल येऊन २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबेपर्यंत आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द करेपर्यंत किती डोंगर गेले, ते परत येणार नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने खाणींवर देखरेख ठेवणारी उपग्रहीय यंत्रणा सुरू केली. लीजच्या सीमेबाहेर पाचशे मीटरपर्यंत जमीन बदललेली दिसली की ती राज्य सरकारला इशारा देते. इशारा मिळाल्यावर जागेवर जाऊन पाहायचे की फाइल खालच्या खणात ठेवायची, हे मात्र माणसांच्याच हाती राहिले. किनारपट्टी व्यवस्थापनाच्या आराखड्याची गोष्ट याच्या उलट. २०२१ च्या जाहीर सुनावण्यांच्या वेळी गावोगावच्या लोकांनी आक्षेप घेतले ते असे की, आपले वाळूचे डोंगर, खाजनांचे बांध, मच्छिमारांच्या जागा नकाशावर नीट आलेल्याच नाहीत. मानशीची फळी कोण उघडतो आणि कोणत्या भरतीला उघडतो, हे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्याला विचारले असते तर आकाशातून न दिसलेले पुष्कळ काही जमिनीवर कळले असते.

म्हणून आमचा आग्रह अगदी साधा आहे. ज्या चित्रांच्या आधारे पिकाचा, जमिनीचा किंवा खाणीचा निर्णय होतो, ती चित्रे त्यांच्या तारखांसह त्या गावाच्या चावडीवर लागली पाहिजेत. पेरणीनंतरचे एक, भर हंगामातले एक आणि आपत्तीनंतरचे एक. चिंताकीसारख्या गावी त्यांखालचा मजकूर कन्नडबरोबर मराठी व तेलुगूतही असावा. तेथे भाषेचा अभिमान आड येऊ देऊ नये. ज्याला निर्णय अमान्य असेल, त्याच्या शेतात माणूस गेलाच पाहिजे, आणि चित्र व बांधावरची पाहणी यांत तफावत आली तर बांधावरची पाहणी मान्य व्हावी. यासाठी नवा उपग्रह लागत नाही.

खर्चाची सबबही फार टिकणारी नाही. एप्रिल २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने इस्रोची पाच मीटर व त्याहून ढोबळ चित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली, आणि त्याहून सूक्ष्म चित्रे सरकारी संस्थांना विनामूल्य व इतरांना वाजवी दराने देण्याचे ठरविले. मग ग्रामपंचायत ही सरकारी संस्था आहे की ‘इतरां’पैकी एक? १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले. तिच्याकडून योजनांचे आराखडे आणि हिशेब सरकार म्हणूनच मागितले जातात. तेव्हा अवकाश खात्याने याचा खुलासा एका साध्या परिपत्रकाने करावा आणि चिंताकीच्या पंचायतीला तिच्या शिवाराची, तसेच आपल्याकडील डिचोलीच्या पंचायतींना त्यांच्या डोंगरांची वीतभर सूक्ष्म चित्रे कोणत्या अर्जावर व किती दिवसांत मिळतील, ते त्यात लिहावे. मृगाच्या पेरणीआधी ते परिपत्रक निघाले, तर येत्या खरिपाची चित्रे तरी चावडीवर लागू शकतील.